ऐकीव देव आणि ओळखीचा देव

एखाद्या थोर पुरुषाविषयी पुष्कळ माहिती असणे निराळे आणि त्याच्याशी घरोबा असणे निराळे, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. ज्याचे नाव, गाव आणि पराक्रम आपण पाठ केले तो आपल्या दारावरून गेला तरी आपणांस हाक मारणार नाही. उलट ज्याच्या घरी आपला रोजचा राबता आहे त्याची जन्मतिथी आपणांस ठाऊक नसली तरी काही अडत नाही. व्यवहारात हा भेद आपण सारेच पाळतो. परमेश्वराविषयी मात्र तो विसरतो. त्याच्याविषयी जे ऐकले, वाचले, पाठ केले त्यालाच त्याची ओळख समजून स्वस्थ बसतो. आजच्या ख्रिस्ती समाजात धर्मज्ञानाची उणीव आहे तिच्याहून देवाच्या ओळखीची उणीव अधिक आहे, असे आमचे मत आहे, आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

या अंकाचे वाचक सर्वच ख्रिस्ती नाहीत, हे आम्ही जाणतो. पुढील विचार मुख्यतः आमच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उद्देशून आहेत. तथापि आपल्या घराशेजारी काय बोलले जात आहे हे ऐकण्यास इतरांसही हरकत वाटणार नाही, अशी आशा आहे.

आपण आहोत तरी कोण, याचा प्रथम विचार करू. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, १८४२ साली 'ज्ञानोदय' पत्र निघाले, १८५४ साली बाबा पदमनजींनी बेळगावास बाप्तिस्मा घेतला. त्या काळी मराठी मुलुखात ख्रिस्ती होणे म्हणजे काय होते? कोणाचे घर सुटले, कोणाची बिरादरी तुटली, कोणास आईने दारात उभे केले नाही. गावकुसाबाहेरील वस्त्यांतून जे आले त्यांचा गावाशी असलेला उरलासुरला आधारही पुष्कळदा गेला. त्यांनी हे सर्व नव्या नावासाठी सोसले नाही. कोणीएक आपणांस नावाने हाक मारीत आहे, अशी त्यांची खात्री पटली होती, आणि त्या हाकेपुढे घर, जात, जमीन त्यांस थोडी वाटली.

आज आपण त्यांची तिसरी, चौथी, पाचवी पिढी आहोत. मंडळीच्या वहीत आपले नाव आपण रांगू लागण्यापूर्वीच चढले. नाताळचे नवे कपडे, ईस्टरची उपासना, रविवारची शाळा, हे सर्व आपणांस आयते मिळाले. ते मिळाले याबद्दल देवाचे आभारच मानले पाहिजेत. परंतु ज्या ओळखीसाठी पूर्वजांनी इतके सोडले ती ओळखच आपल्यापाशी नसेल, आणि केवळ दाखल्यावरील धर्माच्या रकान्यापुरतेच ख्रिस्तीपण उरले असेल, तर त्यांनी सोसलेल्या हालांचे फळ काय? वडिलांच्या पश्चात शेत मुलाच्या नावावर चढते, सातबाऱ्यावर फेरफार होतो. देवाच्या ओळखीचा फेरफार मात्र कोणत्याही तलाठ्यास करता येत नाही. ती प्रत्येकाने स्वतःच करून घ्यावी लागते.

पवित्र शास्त्रात शमुवेलाची कथा आहे. ती आम्ही लहान मुलांस सांगतो. पण ती मोठ्यांनीच अधिक वाचण्यासारखी आहे. हा मुलगा नवसाचा. आईने त्यास लहानपणीच मंदिरात आणून सोडले. तो तेथेच राही, तेथेच झोपे, सकाळी मंदिराची दारे उघडी. आजच्या भाषेत बोलावयाचे तर मिशनच्या वसतिगृहातील तो सर्वांत चांगला विद्यार्थी. असे असूनही शास्त्र स्पष्ट सांगते की, त्याला परमेश्वराची ओळख अद्याप झाली नव्हती. म्हणून रात्री हाक आली तेव्हा ती एली याजकाची वाटून तो तीन वेळा त्याच्याकडे धावत गेला. देवाच्या घरात वाढलेल्या मुलास देवाचा आवाज परका वाटावा, ही गोष्ट मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या प्रत्येकास विचार करावयास लावणारी आहे. त्याच मंदिरात एलीचे दोन पुत्र याजकपण करीत होते. त्यांस तर शेवटपर्यंत परमेश्वराची ओळख झाली नाही, आणि देवाच्या अर्पणांतील मांस आपल्या घशात घालण्यातच त्यांचा जन्म गेला. जवळ राहणे आणि जवळीक असणे या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हे याहून अधिक स्पष्ट कोणते उदाहरण सांगणार?

याच कथेतील आणखी एक गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते. शमुवेलाची आई दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून आणीत असे. मूल वाढते, म्हणून दर वर्षाचा झगा निराळ्या मापाचा. आईने शिकविलेली प्रार्थना हा असाच एक झगा आहे. तो प्रेमाने शिवलेला असतो, उबदार असतो. पण पाचव्या वर्षी अंगास बसलेला झगा पंधराव्या वर्षी बसत नाही. पुष्कळ तरुणांची श्रद्धा ढळली असे आपण म्हणतो. खरे पाहता, ती कधी त्यांच्या मापाची झालेलीच नसते.

आता आपल्याच मुलुखातील एक उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) यांचे नाव ज्याला ठाऊक नाही असा मराठी ख्रिस्ती विरळा. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही विद्वान कन्या. कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'सरस्वती' ही पदवी दिली. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ साली मुंबईस शारदासदन काढून विधवांसाठी विद्येचे दार उघडले. एवढ्या त्यागाचे व सेवेचे माणूस, त्यास आणखी काय हवे असावे, असे आपणांस वाटेल. परंतु रमाबाईंनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपणांस उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो अद्याप सापडलेला नाही. विद्या होती, सत्कर्म होते, लोकांची निंदा सोसण्याचे धैर्य होते. तरी आत एक जागा रिकामी होती. ती भरल्यानंतरच्या रमाबाई आपण जाणतो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मरणाच्या दारी पोहोचलेल्या मुलींस त्यांनी केडगावच्या माळावर आणले, आणि शेकडो अनाथांची आई होऊन त्या तेथे राहिल्या. उतारवयात हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्याचा प्रचंड उद्योग त्यांनी केला. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा डोळ्यांदेखत गेली, तरी त्यांनी हातचे काम टाकले नाही. हे बळ नुसत्या मतांतून येत नाही. मते सुखाच्या दिवसांत वादास उपयोगी पडतात. दुष्काळात आणि पुत्रशोकात ज्याच्याशी बोलता येते असा कोणी लागतो.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला; लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षे त्यांनी कशी काढली हे 'स्मृतिचित्रे' वाचणारास ठाऊक आहेच. टिळकांसारखा भक्त, कवी आणि प्रेमळ पती. परंतु त्यांसही आपला देव आपल्या पत्नीस देऊन टाकता आला नाही. एका घरात राहूनही लक्ष्मीबाई आपले सोवळे पाळीत राहिल्या, आणि स्वतःच्या मनाशी झगडून, स्वतःच्या बुद्धीने विचार करून, स्वतःच्या पायांनी चालत देवाकडे आल्या. म्हणूनच पतीच्या मृत्यूनंतरही त्यांची श्रद्धा ताठ उभी राहिली. ती कोणाच्या आधारावर टेकलेली नव्हती.

येथे काही आक्षेप निघतील. पहिला असा की, दीनदुबळ्यांची सेवा केली म्हणजे झाले, एकांतात प्रार्थना करीत बसण्याची गरज काय? सेवा थोर आहे, यात संशय नाही. पण कफर्णहूम गावी सारे आजारी दाराशी जमले असता त्यांस बरे करून, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात उठून आपला प्रभू एकांती प्रार्थनेस गेला. लोक त्यास शोधीत होते, काम संपलेले नव्हते. तरी तो गेला. ज्या विहिरीस झरा नाही ती पहिल्या दहा पोहऱ्यांपर्यंत इतर विहिरींसारखीच दिसते. सेवेचेही तसेच आहे. झरा नसला म्हणजे ती लवकरच कुरकुर, मानाची हाव आणि हेवेदावे यांच्या गाळाशी येते. आमच्या मंडळ्यांतील आणि संस्थांतील भांडणे पाहिली असता हा गाळ कोठून येतो, हे वेगळे सांगणे नको.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा: अभ्यासापुढे वेळ कोठे आहे? यास आमचे उत्तर इतकेच की, सकाळी डोळे उघडताच हात मोबाइलकडे जातो तेवढा वेळही या कामी पुरे आहे. परीक्षा जवळ आली की शाळेच्या प्रार्थनामंदिरात गर्दी होते आणि निकाल लागला की ते ओस पडते. गरज सरो नि वैद्य मरो, हा न्याय वैद्यास लावणेही शोभत नाही. मग परमेश्वरास कसा शोभेल? जो नातलग केवळ उसने मागावयास येतो त्याला आपण काय म्हणतो, ते आठवावे. प्रार्थनेने गणित सुटत नाही, ते अभ्यासानेच सुटते. पण जो मुलगा रोज देवापुढे खरे बोलतो त्याचा हात शेजाऱ्याची उत्तरपत्रिका पाहून लिहिताना थरथरल्यावाचून राहणार नाही. आणि जी मुलगी रोज त्याच्याजवळ आपले मन मोकळे करते ती नापास झाली तरी एकटी पडणार नाही. आजकाल कमी गुण पडले म्हणून मुले जिवावर उदार होतात, अशा बातम्या वाचून काळजाचे पाणी होते. आपली किंमत गुणपत्रिकेवर ठरत नाही, हे ज्याने देवाच्या सहवासात अनुभविले आहे त्यास त्या घटकेला धरून ठेवणारा एक हात असतो.

निकट संबंध म्हणजे सदैव गोड वाटणारी काही भावना, असाही समज कोणी करून घेऊ नये. शमुवेलाने हाकेस ओ दिली तेव्हा त्यास जो पहिला निरोप मिळाला तो कठोर होता. ज्याने वाढविले त्या एलीच्याच घराण्याचा नाश होणार, असा तो निरोप. आणि सकाळी तो सांगावयास मुलाची जीभ रेटेना. तरी त्याने काही लपविले नाही. देवाची जवळीक मनुष्यास खरे बोलण्याचे ओझे देते, आणि ते उचलण्याचे बळही देते. पी हळद आणि हो गोरी, असा हा प्रकार नव्हे. कित्येक दिवस प्रार्थना कोरडी वाटेल, मन भरकटेल. मैत्री भेटीगाठींनीच वाढते. ज्या दिवशी भेटीत रस वाटला नाही त्या दिवसाची भेटही व्यर्थ जात नाही.

शेवटी पालकांस दोन शब्द. एलीचे डोळे मंद झाले होते, मुलांस आवरण्यात तो उणा पडला होता; परंतु एक गोष्ट त्याने फार चांगली केली. हाक देवाची आहे हे ओळखताच तो स्वतः उठून मध्ये आला नाही. 'जा, आपल्या जागी नीज, आणि पुन्हा हाक आली तर तूच उत्तर दे,' अशा अर्थाचे सांगून त्याने मुलास परत पाठविले. आई, बाप, पाळक, शिक्षक, सर्वांचे काम एवढेच आहे. आम्ही शाळेत बायबलचा तास घेऊ, वचने पाठ करवू, परीक्षाही घेऊ. पण घरी बाप कधी गुडघे टेकताना दिसलाच नाही, तर त्या वचनांची गत पालथ्या घड्यावरील पाण्यासारखी होईल. शिकवणीसाठी आपण पैसा खर्चतो, त्यात वावगे काही नाही. त्याबरोबर संध्याकाळी दहा मिनिटे दूरचित्रवाणी बंद करून सर्वांनी एकत्र बसावे. मुलांच्या देखत कर्जाची, आजाराची, आपल्या रागाची गोष्ट देवास खरी खरी सांगावी. घोकलेल्या लांब प्रार्थनेपेक्षा अशी एक तोडकीमोडकी प्रार्थना मुलाच्या मनात जन्मभर राहील.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, या शाळेतून तुम्ही दाखला घेऊन बाहेर पडाल तेव्हा त्यावर तुमचे नाव, जन्मतारीख, धर्म, इयत्ता, सर्व काही लिहिलेले असेल. देवाची व तुमची ओळख झाली की नाही, यासाठी त्यावर रकाना नाही, आणि तो भरण्याचा अधिकार आम्हा शिक्षकांस नाही. तो तुमचा तुम्हीच भरावयाचा आहे. ज्याने शमुवेलास एकदा हाक मारून सोडून दिले नाही, चौथ्यानेही मारली, तो तुमच्याविषयीही धीर सोडणार नाही. आजच्या रात्री दिवा मालवल्यावर घटकाभर निवांत पडून राहा, आणि त्यास उत्तर द्या.