धागा | निलंग्यात उशिरा पोहोचलेला कायदा आणि अजून न झालेला कायदा

१८९७ चा साथरोग अधिनियम बहुतेकांना कोरोनाच्या काळात प्रथम ठाऊक झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याचाच आधार घेतला होता. या केंद्रीय कायद्याच्या पहिल्याच कलमात मात्र एक अपवाद होता: १ नोव्हेंबर १९५६ च्या लगतपूर्वी ‘ब’ वर्ग राज्यांत मोडणारे प्रदेश वगळून. हैदराबाद हे ‘ब’ वर्ग राज्य होते आणि निलंगा तालुका त्याच्या बिदर जिल्ह्यात होता. अहमदपूर व उदगीर यांच्यासह तो १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. आधी उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२ पासून नव्या लातूर जिल्ह्यात. अपवादाचे ते शब्द २०२० च्या दुरुस्तीने काढून टाकले गेले. म्हणजे केंद्रीय कायद्याच्या मजकुरात निलंगा सामावायला सव्वाशे वर्षे लागत आली.

इतिहासप्रेमींना ही गंमत वाटेल. पण हवामानबदल आणि आरोग्य यांविषयी सरकारने स्वतंत्र कायदा करावा की नाही, हा आजचा वाद समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. कारण वादातले दोन्ही पक्ष ‘कायदा’ हा एकच शब्द वापरतात, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र अगदी वेगवेगळ्या गोष्टी असतात.

विरोधकांच्या डोळ्यांपुढे १८९७ आहे. तो कायदा जेमतेम चार कलमांचा. साथ आटोक्यात आणण्यासाठी सरकारला वाटतील ते नियम करण्याची मुभा, नियम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि कायद्यान्वये कृती करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण. रुग्णाला औषध, अन्न वा निवारा मिळेल, असा एक शब्दही त्यात नव्हता. पुण्यात प्लेगच्या झडत्यांसाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरे आणि माजघरे धुंडाळली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे; त्या कायद्याचा मजकूर मात्र तिथे सहसा नसतो, आणि खरा धडा मजकुरातच आहे.

त्याच जातीची हुकूमत लातूरकरांनी मार्च २०१६ मध्ये पाहिली. सलग दुष्काळाने मांजरा धरण कोरडे पडले होते. शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचे कलम १४४ लावले गेले. पुढच्या महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात पोहोचली: दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर. देशभरच्या कॅमेऱ्यांनी ती गाडी टिपली. जमावबंदीचा आदेश तितका लक्षात राहिला नाही. टंचाईत प्रशासनाच्या हाताशी सर्वांत सोपे काय होते, तर पाणी नव्हे, कलम होते. हवामानाच्या नावाने आणखी एक कायदा झाला तर तोही असाच वापरला जाईल, ही भीती म्हणूनच पोकळ नाही.

विरोधकांचा दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कायदे आहेतच, ते पाळले कुठे जातात? भूजलाचेच पाहावे. पिण्याच्या पाण्याचे रक्षण करण्यासाठी राज्याने १९९३ मध्ये कायदा केला: सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर नको. हा खरे तर आरोग्याचाच कायदा होता. गावची विहीर आटली की टँकर येतो, टँकरच्या पाण्यामागून जुलाब आणि कावीळ येते, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगावे लागत नाही. त्यानंतर २००९ चा अधिक व्यापक अधिनियम आला. तो अमलात यायला २०१४ उजाडले आणि नियमांचा मसुदा २०१८ मध्ये निघाला. त्यात शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विंधन विहिरींना मनाई आहे. लातूर परिसरात तोवर आठशे-हजार फुटांच्या बोअरच्या गोष्टी चालल्या होत्या. काळ्या पाषाणात इतके खोल गेल्यावर बहुधा धुरळाच वर येतो, तरी कर्ज काढून माणसे खाली जातच राहिली.

अंमलबजावणी झाली असती तर सारे ठीक झाले असते, असेही मानण्याचे कारण नाही. नव्या बोअरवर बंदी आली की ज्याच्याकडे आधीचे चालते बोअर आहे, त्याचे आपोआप रक्षण होते. तो बहुधा उसाचा शेतकरी असतो. तुरीच्या आणि सोयाबीनच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तेवढा मज्जाव उरतो. शिवाय निलंग्याची हद्द कर्नाटकाला भिडते. औराद शहाजानीच्या पलीकडे राज्याचा कायदा थांबतो आणि कर्नाटकाचा २०११ चा वेगळा भूजल कायदा सुरू होतो; मांजरा नदी मात्र न थांबता बिदरकडे जाते. मनाईच्या कायद्याविरुद्धचा हा युक्तिवाद मान्य करावाच लागेल.

एवढे मान्य केल्यावरही ‘कायदाच नको’ हा निष्कर्ष निघत नाही. त्याचे उत्तर याच प्रदेशाच्या इतिहासात आहे.

इंग्रजी अमदानीत १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. टंचाईची लक्षणे कशी ओळखावीत, कामे कधी काढावीत, मजुरी किती द्यावी, सारे तपशीलवार लिहिलेले. पण त्या संहिता म्हणजे अधिकाऱ्यांसाठी सूचना होत्या. काम मिळाले नाही म्हणून उपाशी माणसाला त्यांच्या आधारे दाद मागता येत नव्हती. दुष्काळ जाहीर करणे न करणे ही सरकारची मर्जी राहिली. पुढे आणेवारीची पैसेवारी झाली, पन्नास पैशांची रेषा ठरली, तरी मर्जीचा भाग उरलाच.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. निलंग्यातल्या कोणत्याही घरात सत्तरी ओलांडलेले माणूस असेल, तर त्याला मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याचे काम हे तीन शब्द पुरतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. पीक बुडाले, जनावरे गेली; पण १८७६-७८ किंवा १८९९-१९०० सारखा माणसांचा संहार झाला नाही. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना १९६५ मध्ये तासगाव भागात करून पाहिली होती. बहात्तरच्या अनुभवानंतर तिचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या प्रौढाने काम मागितले आणि पंधरा दिवसांत मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देणे राज्यावर बंधनकारक झाले.

१८९७ आणि १९७७ यांच्यातला फरक इथे आहे. पहिल्या कायद्याने अधिकाऱ्याला नागरिकाच्या घरात शिरण्याचा अधिकार दिला. दुसऱ्याने नागरिकाला अधिकाऱ्याच्या दारात उभे राहण्याचा अधिकार दिला. रोजगार हमीत गैरव्यवहार झाले, खोटी हजेरीपत्रके निघाली, मजुरी थकली. हे कुणीच नाकारत नाही. तरी ज्या गोष्टीवर हक्क असतो तिच्याच चोरीविरुद्ध मोर्चा काढता येतो, आणि महाराष्ट्रात असे मोर्चे निघाले. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांतीची वेळ आणि प्रथमोपचाराची पेटी लिहिली गेली. उन्हात राबणाऱ्याचे आरोग्य कायद्यात लिहिता येते, याचा हा पुरावा आहे.

त्या मजुराला उन्हाचा झटका आला, तर मात्र चित्र पालटते. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्यासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्तींच्या यादीत भूकंप, पूर, दुष्काळ, गारपीट इतकेच नव्हे, तर थंडीची लाटही होती. उष्णतेची लाट नव्हती. राज्याने ती ‘स्थानिक आपत्ती’ मानून निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत खर्च करावा, एवढीच वाट. ज्या देशात १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील सोहळ्यात १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला, त्या देशाची ही यादी. निलंग्याच्या शेजारी किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काही सेकंदांत हजारो माणसे घेऊन गेला आणि साऱ्या देशाला दिसला. ऊन एकेकाला गाठते, आणि मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार लिहिला जातो.

भारताचा दरडोई उत्सर्जनाचा वाटा अल्प आहे, मग आपण स्वतःला का बांधून घ्यावे, असे विचारले जाते. उत्सर्जनाबाबत प्रश्न रास्त आहे. उष्माघाताच्या वॉर्डातल्या खाटांशी त्याचा काही संबंध नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, हा आक्षेप त्याहून वजनदार. पण तो केंद्रीय कायद्याविरुद्ध जातो, राज्याच्या कायद्याविरुद्ध नव्हे, आणि रोजगार हमीतही महाराष्ट्र केंद्राच्या जवळजवळ तीन दशके पुढे होता. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये पाहिला, आणि या विषयावर देशात एकछत्री कायदा नसल्याची नोंदही केली. खटला होता माळढोक पक्ष्याचा. आपल्याकडे माळढोकचे अभयारण्य सोलापूरजवळ नान्नजला आहे. माणसाचा हा हक्क एका पक्ष्याच्या खटल्यातून आला, हे विलक्षण खरे. पण तो अमुक तापमानाला अमुक अधिकाऱ्याने काय करावे, हे सांगत नाही.

ते विधिमंडळाला लिहावे लागेल, आणि १९७७ च्या भाषेत: ठरावीक तापमानापुढे दुपारचे काम बंद आणि त्या तासांची मजुरी चालू, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात उन्हाळ्यापुरती राखीव थंड खोली, टँकरच्या पाण्याची तपासणी गावात जाहीर, आणि यातले काही न मिळाल्यास ठरलेल्या दिवसांत भरपाई. शेतकऱ्याला दंड करणारे कलम त्यात नसले तरी चालेल.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. रोजगार हमीसाठी राज्याने १९७५ मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या पगारपत्रकावर तो अजूनही दिसतो: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००.