मैत्रिणीचा न आलेला फोन

स्तनाच्या कॅन्सरचे निदान झाले की घरी माणसांची रीघ लागते. कुणी पथ्य सांगते, कुणी दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता देते, आणि ‘पॉझिटिव्ह राहा’ हे तर सगळेच सांगतात. या गर्दीत पुष्कळदा शाळेपासूनची जिवलग मैत्रीणच दिसत नाही. काय बोलावे हे तिला सुचत नाही, म्हणून ती फोनही करत नाही.

जिव्हाळ्याच्या बोलण्याने आजारात नेमके काय साधते? अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांचा १९८९चा अभ्यास खूप गाजला. कॅन्सर शरीरात पसरलेल्या ज्या स्त्रिया दर आठवड्याला गटात बसून मन मोकळे करत, त्या इतरांपेक्षा जवळपास दुप्पट काळ जगल्या, असे त्यात दिसले होते. पुढे कॅनडातील २३५ स्त्रियांच्या अभ्यासात (२००१) आयुष्य वाढलेले दिसले नाही. स्पीगल यांच्याच २००७च्या अभ्यासातही नाही. मात्र कॅनडातील गटांतल्या स्त्रियांना वेदना इतरांपेक्षा कमी जाणवल्या, मनही सावरले. अधिक खचलेल्यांना अधिक लाभ झाला.

म्हणजे शब्दांनी गाठ विरघळत नाही. तसे सांगणाऱ्यांपासून चार हात लांबच राहावे. पण वेदना थोडी कमी होणे म्हणजे काय, हे दुखणे सोसणाऱ्या बाईलाच विचारावे.

या गटांत ‘सगळं छान होईल’ची पोपटपंची नव्हती. मरणाची भीतीही तिथे उघड बोलली जाई. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हटले की रडायचीही चोरी होते. ‘केमोला मी सोबत येते, घाबरलीस तर माझ्यापुढे रड’ हे मैत्रीणच म्हणू शकते, कारण तिला धीट आणि भित्री अशा दोन्ही रूपांत ती ठाऊक असते.

मग अडते कुठे? पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवले की, आपण केलेली विचारपूस समोरच्याला किती भावेल, याचा अंदाज लोक कमीच बांधतात. ती अनपेक्षित असेल तर आणखीच भावते. तेव्हा ‘इतके दिवस गेले, आता कोणत्या तोंडाने फोन करू’ हा संकोच फुकाचा आहे. केमोनंतर काही दिवस बोलायचेही त्राण नसते. तेव्हा ‘आठवण आली. उत्तर देऊ नकोस, आराम कर’ एवढा मेसेज पुरे. शनिवारी डबा घेऊन जाता येईल.