वर्गणीदारांची वही

अंक छापखान्यात गेला की संपादकाच्या टेबलावर शेवटी उरते ती वर्गणीदारांची वही. नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल. पूर्वी ती खरोखरच वही होती, लाल कापडी बांधणीची. आता ती संगणकातली फाइल आहे. वही पळवायची तर कचेरीत शिरावं लागे. फाइल बसल्या जागेवरून कुणालाही धाडता येते. यंदा ही फाइल उघडली आणि जरा दचकायला झालं.

अशी वही आपल्या किनाऱ्यावर घरोघरी आहे. किहीम, नागाव, काशीदपासून दिवेआगर, हरिहरेश्वरापर्यंत 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या दिसतात. दिवाळीच्या सुट्टीत खोल्या भरतात. आगाऊ रक्कम यूपीआयने येते, पाठोपाठ निरोप जातो : 'सगळ्यांची आधार कार्डं व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.' पाहुणे दोन दिवस राहतात, सुरमई-सोलकढी जेवून परततात. कार्डांचे फोटो मात्र मालकाच्या मोबाइलमध्ये, नातवाच्या बारशाच्या फोटोंशेजारी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. मोबाइल दुरुस्तीला गेला की तेही सोबत जातात.

ओळख विचारूच नये, असं इथे कुणी म्हणणार नाही. 1993 साली श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं होतं. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला लागलेल्या बेवारस बोटीत एके-47 रायफली सापडल्या, तेव्हा सगळा किनारा धास्तावला. आलेला पाहुणा कोण, हे पाहायलाच हवं. पण पाहून नोंद करणं वेगळं आणि प्रत साठवत राहणं वेगळं. प्रत लागतच असेल, तर पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड आधार' मिळतं. किती जण ते मागतात?

आपल्याकडे चाकरमानी मुंबईला जाताना शेजारी किल्ली ठेवून जातो. देवापुढे दिवा लाव, पावसात कौलं बघ, एवढंच सांगणं. त्या किल्लीने शेजारी घर भाड्याने देत नाही आणि धनी परत आला की ती मुकाट्याने हातावर ठेवतो. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याहून फार वेगळं सांगत नाही. माहिती बाळगणाऱ्याला त्याने मालक न मानता विश्वस्त मानलं आहे. ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरा. काम सरलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलं नसेल, तर पुसा. फुटली तर ज्याची त्याला कळवा. सुरक्षेत हयगय झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. संमतीची विनंती मराठीतून वाचण्याचा पर्यायही तुमच्या हक्काचा आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. गंमत म्हणजे हा कायदा डिजिटल माहितीपुरताच आहे. पाहुण्यांची कागदी वही त्याच्या बाहेर, मोबाइलमधला फोटो आत.

आता आमच्या फाइलबद्दल. वर्गणी कधीच बंद केलेल्यांचे मोबाइल नंबर तिच्यात होते, काही दिवंगतांचेही. कशासाठी ठेवले होते? आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुसून टाकले. उरलेली फाइल आता दोघांनाच उघडता येते. जाहिरातदारांनी या अंकाला हात दिला. यादी मात्र त्यांनाही मिळणार नाही.

तुमचा पत्ता आमच्याकडे आहे तो अंक पोचवण्यापुरता. किल्ली परत हवी असेल तेव्हा एक कार्ड टाका. दिवाळीच्या शुभेच्छा!

— संपादक