सातबारा कुणाच्या नावावर?

मॉरिशसचं नाव काढलं की आपल्याकडचे पुढारी हरखून जातात. बघा, म्हणतात, कुलीची पोरं पंतप्रधान झाली! झाली, खरंय. १८३४ पासून साडेचार लाखांच्या आसपास माणसं गिरमिटावर त्या बेटावर उतरली, बहुतेक हिंदुस्थानातली. मुंबई बंदरातून कोकणातली आपली माणसंही गेली. १२ मार्च १९६८ ला युनियन जॅक उतरला, शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले. झेंडा बदलला. पण दोस्तांनो, सातबारा बदलला का?

नाही बदलला. १८३५ ला गुलामी संपली तेव्हा भरपाई मिळाली मालकांना, गुलामांना छदाम नाही. स्वातंत्र्यानंतरही फ्रेंच वंशाच्या मूठभर घराण्यांचे ऊसमळे त्यांच्याकडेच राहिले. २००६ नंतर युरोपनं साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी पाडला. मळेवाल्यांचं काय अडलं? २००२ ची सरकारी योजना तयारच होती: परदेशी धनिकानं पाच लाख डॉलर मोजायचे, बंगला घ्यायचा, वर राहण्याचा परवाना. ऊस तोडणाऱ्याच्या हाती कोयताही उरला नाही.

आता गोदीचं ऐका. पोर्ट लुईच्या गोदीत साखरेची पोती वाहणारे क्रिओल, हिंदू, मुसलमान १९७१ ला एकत्र उठले. बंदर बंद पाडलं. पाठीशी १९६९ ला तरुण पोरांनी काढलेला एमएमएम पक्ष होता. वंशाचं भांडण सोडा, वर्गाचा लढा लढा, असं सांगणारा. त्या नोव्हेंबरात अझोर अदेलाइद या गोदी कामगाराला गोळी घालून मारलं. डिसेंबरात कुलीच्याच पोरांच्या सरकारनं आणीबाणी लावली, पुढाऱ्यांना आत टाकलं. १९६७ नंतरची निवडणूक झाली थेट १९७६ ला. १९८० मध्ये सुटी साखर बोटीत भरणारं यंत्र आलं. पोतं गेलं, पोतं उचलणाराही गेला. कंटेनर आल्यावर मुंबईच्या गोदीत काय झालं ते ज्यांनी भोगलं, त्यांना हे समजावून सांगायला नको.

१९८२ ला एमएमएमच्या आघाडीनं ६० पैकी ६० जागा मारल्या. पॉल बेराँजे अर्थमंत्री झाला आणि नाणेनिधीच्या अटींवर काटकसर शिकवू लागला. नऊ महिन्यांत सरकार फुटलं.

काळं पाणी ओलांडलं की जात बुडते, असं भटजी सांगायचे. बुडाली नाही साली! गाठोड्यातून तीही उतरली. १९६८ पासून पंतप्रधानपद रामगुलाम बाप-लेक आणि जगन्नाथ बाप-लेक यांच्यातच फिरतंय. मध्ये बेराँजेची दोन वर्षंही पुरी नाहीत. दोन्ही घराणी वैश गणली जाणारी. रविवेद म्हणवणारे आपले भाऊ तिकीटवाटपात मोजण्यापुरते. आणि घटनेतले चार खाने पाहा: हिंदू, मुसलमान, चिनी आणि उरलेले 'जनरल पॉप्युलेशन'. त्या हिशेबानं आठ जादा जागा वाटायच्या, तेही १९७२ च्या जनगणनेवरून. गुलामाचं क्रिओल पोर आणि मळेवाल्या गोऱ्याचं पोर एकाच खान्यात! याला प्रतिनिधित्व म्हणायचं?

आपल्या शेअरबाजारात वर्षानुवर्षं आलेल्या 'परदेशी' पैशाचा मोठा वाटा याच बेटावरच्या कागदी कंपन्यांतून आला. १९८२ च्या करारामुळे शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर नाही. २०१६ ला करार बदलेपर्यंत शेठजी दोन्हीकडे खुशीत.

मोफत शाळा, मोफत दवाखाना, प्रत्येक म्हाताऱ्याला पेन्शन हे तिथे आहे, आपल्याकडे नाही. ते नाकारू नये. पण नोव्हेंबर २०२४ ला नवीन रामगुलामच्या आघाडीनं पुन्हा ६० च्या ६० जागा घेतल्या आणि जून २०२५ च्या बजेटात पेन्शनचं वय ६० वरून टप्प्याटप्प्यानं ६५ वर न्यायचं ठरवलं. मतं म्हाताऱ्यांची, काटकसरही म्हाताऱ्यांचीच.

म्हणून सांगतो, आपला माणूस मंत्री झाला की लगेच गुलाल उधळू नका. आधी त्याला विचारा: जमीन कुणाच्या नावावर, बंदर कुणाच्या ताब्यात, जात कुठल्या खान्यात? उत्तर येईपर्यंत संप चालू ठेवायचा.