अठ्ठावन्नचा शागीर्द

५८ पूर्ण झाले, सरकारी नोकरी सुटली आणि यवतमाळच्या माणसाच्या मनात वाद्य बनवायला शिकायचं आलं, तर आधी नाव निघतं मिरजेचं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब १८५०च्या सुमारास तिथे तंतुवाद्यांकडे वळले; २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, वर्षाच्या पिकातून निवडून वाळवलेले. नवख्याच्या वाट्याला भोपळा खरवडणं येतं, तारेला गुंजणारा आवाज देणारी जवारी नाही. जवारी काढताना घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने असा उतरता घासायचा, की तार त्याला जेमतेम चाटून जाईल. तार छेडायची, कान द्यायचा, बाजूला सारायची, पुन्हा दोन हात घासायचे. एक हात जास्त पडला की आवाज बसला! फायलींवर सह्या करण्यात हयात गेलेल्या साहेबाला इथे मुलाच्या वयाच्या कारागिराची बोलणी खावी लागतात, आणि हे मला फार आवडतं. मिरज लांब पडत असेल तर खंजिरी आहे. तुकडोजी महाराजांच्या हातात ती अवघ्या विदर्भाने पाहिली. लाकडी कडं, त्यात झांजा, एका तोंडावर ताणलेलं चामडं. पावसाळी हवेत ते सैल पडतं आणि भजनाआधी शेकावं लागतं. सागवानाच्या जिल्ह्यात कड्याला लाकडाची ददात नाही. मी तरी सुरुवात इथूनच करायला सांगेन. बिघडलीच, तर नुकसान एका कातड्याचं.