झाडावर चढण्याचा हक्क

1885 साली मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलांच्या तक्रारी ऐकायला एक आयोग नेमावा लागला. 1878 च्या वन कायद्याने राखीव झालेल्या रानात कुणब्या-आगऱ्यांना आणि कातकरी-ठाकरांना पाय ठेवणं मुश्कील झालं होतं. तक्रारींच्या मुळाशी होता राब. भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून तो भाजायचा, तरच दाढ चांगली उगवते, ही इथल्या शेतीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. टहाळ यायचा तो ऐनासारख्या झाडांवरून. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून माणूस वर चढायचा, बेचक्यात पाय रोवायचा, एका हाताने धरायचं आणि दुसऱ्याने छाटायचं. सरकारी कागदांत या सगळ्याची नोंद झाडांची नासधूस अशी झाली. त्यात किती कसब होतं, हे लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही.

आज नवी मुंबई म्हणतो तो टापू याच दोन जिल्ह्यांच्या सांध्यावर आहे. स्टेशनांबाहेरच्या पायऱ्यांवर आणि सोसायट्यांच्या कठड्यांवर झेपा घेणारी, पडताना खांद्यावरून कोलांटी घेऊन उठणारी मुलं आता या शहरात दिसतात. पार्कूर हा शहरी, काँक्रीटचा, परदेशातून व्हिडिओवर आलेला खेळ, अशी त्यांच्या पालकांची समजूत आहे आणि मुलांचीही. इतिहास वेगळं सांगतो.

जॉर्ज एबेर हा फ्रेंच नौदलातला अधिकारी. 1902 च्या मे महिन्यात मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत जळून गेलं. बचावकार्यात एबेर होता. शरीर बळकट असावं ते दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी, हे सूत्र त्याने पुढे आयुष्यभर धरलं. जहाजावरून फिरताना त्याने आफ्रिकेतली आणि इतर ठिकाणची रानातली माणसं पाहिली होती. त्यांना कोणी व्यायामशिक्षक नव्हता, जगण्यानेच त्यांची शरीरं घडवली होती. धावणं, उडी मारणं, चढणं, तोल सांभाळणं, चार पायांवर चालणं, ओझं उचलणं, पोहणं अशा हालचालींची त्याने 'नैसर्गिक पद्धत' बांधली आणि फ्रेंच सैनिकांना शिकवली. त्यातूनच अडथळ्यांच्या लष्करी कवायती फोफावल्या. फ्रेंच वसाहतीतल्या व्हिएतनाममध्ये लष्करी अनाथालयात वाढलेला रेमाँ बेल तीच पद्धत शिकला. तो पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात गाजला आणि त्याचा मुलगा दाविद याने पॅरिसजवळच्या लिस गावात मित्रांसोबत या साऱ्याला पार्कूरचं रूप दिलं. म्हणजे या खेळाची मुळं लिसच्या भिंतींत नाहीत. ती वसाहतींतल्या रानात आहेत, आणि ज्यांच्याकडे पाहून एबेर शिकला त्यांची नावंसुद्धा कुणी टिपून ठेवली नाहीत.

आपल्याकडे काय झालं, ते बघा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांच्या काळापासून मल्लखांबाची अखंड परंपरा सांगता येते. साग किंवा शिसवी लाकडाचा खांब आखाड्याच्या मातीत पुरला गेला आणि झाडावरची कसरत अंगणात आली. 1914 साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. त्याच्या एक वर्ष आधी एबेरने फ्रान्समध्ये रेम्सला आपलं व्यायाम महाविद्यालय काढलं होतं. 1936 साली अमरावतीचं पथक बर्लिनला जाऊन आलं. मल्लखांब टिकला, कारण त्याला गुरू मिळाले, संस्था मिळाल्या, पेशव्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत आश्रयदाते मिळाले. मधाच्या पोळ्यासाठी कड्याला लटकणाऱ्या कातकऱ्याचं आणि माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याचं कौशल्य यापेक्षा रतीभरही कमी नव्हतं. त्यांच्या वाट्याला मात्र परवाने, कर आणि खटले आले. हा भेद शरीराचा नव्हता. आखाड्याची जमीन कुणाच्या तरी नावावर होती आणि रान सरकारजमा झालं होतं.

25 सप्टेंबर 1930 रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला अक्कादेवीच्या रानात हजारो माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगल सत्याग्रहाला गेली आणि पोलिसांनी गोळीबार केला. हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होता. रानात शिरण्याचा हक्क माणसं जिवाच्या मोलाने मागत होती, इतका तो त्यांच्या जगण्याचा भाग होता.

मग शहर आलं. मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. खाजणांतले बांध आणि उघाड्या, मिठागरं, भातशेतं, गावाची गुरचरण या सगळ्यावर सेक्टर आखले गेले. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानच्या लढ्यात शेतकरी गोळीबारात पडले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत मिळण्याची वाट मोकळी झाली. पारसिकच्या डोंगररांगेला दगडखाणींनी वर्षानुवर्षं पोखरलं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, दहा गावं हलली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचं उद्‌घाटन झालं. शहर होऊ नये असं मी म्हणत नाही. लाखो मध्यमवर्गीय घरांना या शहराने छप्पर दिलं. पण या हिशेबात मुलांच्या शरीराचा रकाना कोणी मांडलाच नाही.

बांधावरून शाळेत जाणारं मूल रोज तोल शिकत होतं. पावसाळ्यात वीतभर रुंदीच्या निसरड्या बांधावर टाच आधी टेकली तर माणूस चिखलात जातो, चवडा आणि बोटं रोवून चालावं लागतं. सूरपारंब्याच्या डावात रिंगणातली काठी पायाखालून लांब भिरकावली जायची आणि ज्याच्यावर राज्य तो ती आणीपर्यंत बाकीचे वडावर पसार व्हायचे. तिथे कोवळी पारंबी आणि मुरलेली पारंबी यांतला फरक हाताला कळायचा, भार टाकण्याआधी एक हिसका देऊन बघायची सवय लागायची. शेवग्याची फांदी काडकन मोडते, पांगाऱ्याला काटे असतात, चिंच वाकते पण सहसा दगा देत नाही, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असे. कातळाच्या फटीत न बघता हात घालायचा नाही, कारण तिथे फुरसं असतं. श्रावणात काळ्या कातळावर शेवाळ चढतं आणि पौषात तोच कातळ पायाला घट्ट धरतो. पार्कूरचे जाणकार अडथळा 'वाचायला' शिका म्हणतात. हे वाचन इथे घरोघरी होतं. आता बागेत पेव्हर ब्लॉक आहेत, झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा आहे आणि झाडावर चढू नये अशी पाटी आहे. पांडवकड्याच्या धबधब्यावर दर पावसाळ्यात बंदी येते. तिथे तरुण मुलं बुडतात हे खरंच आहे, आणि ती बंदी मी चुकीची मानत नाही. पण वाहत्या पाण्याशी आणि ओल्या कातळाशी ज्यांची कधी ओळखच झाली नाही, अशी मुलं आपण वाढवतो आणि मग फक्त दोर बांधून त्यांना अडवतो.

या शहरात दुसरं काही घडू शकतं, याचा पुरावाही याच शहरात आहे. 1954 साली सुरू झालेल्या गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेने बेलापूरच्या खडकांवर प्रस्तरारोहणाच्या स्पर्धा घेतल्या, पोरं घडवली. 2016 साली बोल्डरिंगचा विश्वचषक भारतात पहिल्यांदा झाला तो नवी मुंबईत, आणि 2017 मध्ये पुन्हा इथेच. डोंगराच्या पायथ्याचे ओबडधोबड दगड एका पिढीने मोकळे ठेवले, त्यावर घासून घासून हात तयार केले, म्हणून जगातले खेळाडू इथे आले.

पार्कूर काँक्रीटवरून पुन्हा झाडा-दगडांकडे न्यावं, असं मला वाटतं. अशा जंगलातल्या पार्कूरला विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं: कर्नाळ्यासारख्या पक्षी अभयारण्यात हे नको, विणीच्या हंगामात घरट्यांच्या झाडांवर नको, आणि जुन्या पोकळ खोडांना हात लावायचा नाही. तेवढं सोडून भरपूर जागा उरते. बेलापूर आणि खारघरचे डोंगरउतार बंगल्यांना आणि रिसॉर्टांना न देता आहेत तसे राखावेत. प्रत्येक नोडच्या एका तरी बागेतला एक कोपरा फरशीविना सोडावा. तिथे पडलेलं झाड उचलून न नेता पडू द्यावं, दोन-चार मोठे दगड आणून टाकावेत, वड लावावा. कोणाचा हात मोडला तर जबाबदारी कुणाची, हा अधिकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. पण क्रिकेटच्या चेंडूने डोकी फुटतात म्हणून मैदानं बंद झाली नाहीत, तिथे विमा काढला जातो आणि शिकवणारा उभा असतो.

शिकवणारे फार लांब शोधायला नकोत. खारघरच्या डोंगरावर चाफेवाडी, फणसवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. तिथली माणसं जी वाट रोज उतरतात, ती उतरताना जिममध्ये घडलेल्या पोराचे गुडघे थरथरतात. नवी मुंबई आणि पनवेल या दोन्ही महापालिकांनी आपल्या शाळांसाठी यांतले जाणते स्त्री-पुरुष प्रशिक्षक म्हणून नेमावेत. त्यांचं मानधन क्रीडा विभागाच्या अंदाजपत्रकात पोहण्याच्या आणि क्रिकेटच्या प्रशिक्षकांच्या शेजारी, त्याच दराने आणि त्यांच्या नावानिशी लिहिलं जावं.