राजधानी बघायची तर फाल्गुनात

वैनगंगेकाठून

आरमोरीत कोणी मुंबईला निघालं की बसस्टँडवर भेटणारा माणूस विचारतो, "कायले जी? दवाखान्यात, का मंत्रालयात?" तिसरं कारण त्याच्या डोक्यात येत नाही, आणि खरं सांगायचं तर जाणाऱ्याच्याही येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई ही आपली राजधानी आहे. तरी आपण अजून तिथं जातो ते काखेत एक्स-रेचं पाकीट किंवा अर्जाची फाईल घेऊनच. नुसतं बघायला जावं, चार दिवस हिंडावं, हे श्रीमंतांचे चोचले वाटतात. बघायला जायचं तर तिरुपती आहे, पुरी आहे, आता अयोध्याही आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची घोषणा गडचिरोली जिल्ह्यात शाळेच्या पोरांनाही पाठ आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले तेव्हापासून ती देशभर गेली. चर्चा होते ती तिच्या उत्तरार्धाची. पूर्वार्धाकडे कोणी बघत नाही. मुंबईतलं सरकार 'आमचं' आहे असं गावानं ठणकावून सांगितलंय, आणि आपलं जे आहे ते एकदा नीट बघून यायला कोणाची परवानगी लागत नाही.

जायचं तर वसंतात. मोह वेचणाऱ्या घरानं फाल्गुन-चैत्रात गाव सोडावं असं मी म्हणणार नाही, पहाटेच्या त्या टोपल्यांवर वर्षाचं मीठ-तेल चालतं. पण मास्तर, दुकानदार, बाबूलोक, पेन्शनवाले यांना या दिवसांत काय अडचण आहे? धान विकून झालेला असतो. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम उतरणीला लागलेला असतो. आणि वैशाखात आपल्याकडं पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा घराबाहेर पडायची सोय नसते. पावसाळ्यात जाल तर समुद्र खवळलेला आणि घारापुरीच्या लाँचा बेभरवशाच्या.

वाट सरळ आहे. आरमोरीहून एसटीनं नागपूर, तिथून संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. बायाबापड्यांना एसटीचं अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पुरा झाला, ७०१ किलोमीटर, पण तो नागपुरातून सुरू होतो. आपल्याला आधी नागपूर गाठावंच लागतं, त्यामुळं मी रेल्वेच धरतो.

स्टेशनात उतरल्यावर टॅक्सीच्या रांगेकडं पळू नका. बाहेर या, रस्ता ओलांडा आणि मागं वळून बघा. १८७८ साली या इमारतीचं काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा. कोरीवकामाला जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. मोर, माकडं, मुंगसं, पानं-फुलं भिंतीभर. फाटकाच्या दोन खांबांवर दोन जनावरं बसली आहेत, एक सिंह आणि एक वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. तेरा माणसं मारणारा सीटी-१ वाघ २०२२ साली वडसा वनविभागात पकडला जाईपर्यंत आपण सरपण आणायला जीव मुठीत धरून जात होतो. त्यामुळं दगडाचा वाघ पाहून आरमोरीचा माणूस जितका वेळ थबकतो तितका मुंबईकर थबकत नाही. त्याची लोकल सुटते.

या गावाला राजधानीपण इंग्रजांनी दिलं असं आपण धरून चालतो. ते पुरतं खरं नाही. सातव्या शतकातल्या ऐहोळेच्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीनं शेकडो नावा घेऊन पुरी नावाच्या नगरीला वेढा दिल्याचं वर्णन आहे, आणि त्या नगरीला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हटलंय. ही पुरी म्हणजे घारापुरी, असं मानणारे अभ्यासक आहेत. काही जण ती जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडं नेतात. नंतर बिंब राजाची महिकावती आली. राजवाड्यांनी १९२४ साली छापलेल्या महिकावतीच्या बखरीत तिचा पसारा वाचायला मिळतो, आणि ती मुंबईतल्या माहीमची की केळवे-माहीमची यावर अजून वाद रंगतात. मग १६६१ साली पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारात ही बेटं इंग्लंडच्या राजाकडं आली, आणि त्यानं १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाकाठी दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. १६८७ मध्ये कंपनीनं आपलं पश्चिमेचं मुख्य ठाणं सुरतेहून इथं हलवलं. खरं राजधानीपण तिथून चढत गेलं.

आपल्याशी याचा धागा जुळतो तो १८५३ च्या आसपास. त्या वर्षी १६ एप्रिलला, म्हणजे ऐन वसंतात, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले, आणि पुढच्या मार्चमध्ये डलहौसीनं त्यांचं राज्य खालसा केलं. चांद्याच्या गोंड राजांकडून भोसल्यांकडं आलेला आपला मुलूख असा कंपनीच्या पदरात पडला. १८६७ पर्यंत रूळ नागपूरला पोचले. मधल्या काळात अमेरिकेत यादवी माजली होती, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत साचला. फोर्टाच्या तटबंद्या पडल्या आणि मोकळ्या जागेत आज दिसतं ते दगडी शहर उभं राहिलं. राजाबाई टॉवरला पैसा दिला तो प्रेमचंद रायचंद यांनी, म्हणजे त्याच कापूस-तेजीतल्या बड्या सटोडियानं. आपण धानवाले. तेजीत आपल्याला काही मिळालं नाही, मंदीत फारसं गेलंही नाही. पण टॉवरखाली उभं राहून वर बघताना हा पैसा विदर्भाच्या काळ्या मातीतूनही आला होता हे डोक्यात असू द्यावं. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या पाहुण्याला तो हिशेब कोणी सांगत नाही.

राणीच्या बागेत मात्र जाच. फाल्गुनात तिथं उर्वशीचं झाड फुललेलं सापडलं तर नशीब. लांब देठांवरून लोंबणारी तांबडी फुलं, ब्रह्मदेशातून आलेलं झाड. गोरखचिंचेचं जाडजूड खोड आहे, कृष्णवड आहे. पण आपल्या माणसाला थांबवणारी चीज लगतच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे: घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना यंत्राची साखळी तुटली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. पुढं ते जुळवून तो इथं उभा केला. २०२१ च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळप आपल्या बांध्या तुडवतोय. त्याच्या भीतीनं रात्री मशाली घेऊन जागणाऱ्या माणसानं या मोडून जोडलेल्या हत्तीजवळ घटकाभर बसावं. कोण कोणाला हलवू शकतं याचा विचार करायला ती बरी जागा आहे.

घारापुरीला गेटवेहून लाँचनं तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद असतात. महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा केलेल्यांनी पंधरवड्यानं इथला सदाशिव बघावा. एकाच शिवाची दोन घरं. मार्कंड्याला देऊळ दगडावर दगड रचून बांधलं, इथं डोंगर आतून पोखरून काढला. वीस फुटांच्या आसपासच्या त्या तीन मुखांपुढं फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. ती ओसरेपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

आपल्या धिवरांनी वरळी कोळीवाड्यात जावं, हा माझा खास आग्रह. मुंबईचे मूळ रहिवासी कोळी. होळी त्यांचा मोठा सण. तळ्यात जाळं टाकणारा आणि समुद्रात टाकणारा एकमेकांशी बोलायला लागले की भाषा आड येत नाही, जाळ्याच्या आसाचं माप बोटांनीच सांगता येतं. आणि आधीपासूनचे आपण, मालक मात्र नंतर आलेले, हे दुखणं कोळ्यांनाही ओळखीचं आहे आणि आपल्या गोंडांनाही.

फुलांचं म्हणाल तर विक्रोळीजवळ द्रुतगती महामार्गाच्या कडेला या दिवसांत गुलाबी टॅबेबुया फुलते आणि अख्खी मुंबई तिचे फोटो टाकते. झाड मध्य अमेरिकेतलं. देखणं आहे, पण पळसाची सर नाही. त्यापेक्षा ऐरोलीहून ठाणे खाडीत होडीनं जा. नोव्हेंबरच्या सुमाराला आलेले रोहित पक्षी मे महिन्यापर्यंत चिखलात माना घालून असतात, हजारोंनी. २०२२ साली या खाडीला रामसर दर्जा मिळाला. उकाडा मात्र होतो हेही सांगून ठेवतो. मार्चमध्ये जमिनीकडून पूर्वेचा वारा सुटला की समुद्राचा वारा उशिरा आत येतो आणि मुंबई अडतिशी गाठते. मुंबईकर त्या गरम वाऱ्याला शिव्या घालतात. आपण गप्प राहावं, तो आपल्याच दिशेकडून गेलेला असतो.

उरलं विधान भवन. नरिमन पॉइंटची ही इमारत १९८१ ची, समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरची. नागपूर करारामुळं राजधानी हिवाळ्यात आपल्याकडं येते, आणि आपण तिच्यापुढं मोर्चा घेऊन जातो. दरवर्षी तेच. पैसा कुठं जाणार हे मात्र मार्चमध्ये मुंबईत ठरतं. गेली काही वर्षं अर्थसंकल्पाच्या भाषणांत गडचिरोलीचं नाव 'स्टील हब' म्हणून येतं. वडसा-गडचिरोली रेल्वेचा ५२ किलोमीटरचा मार्ग, सूरजागडचं लोखंड, रस्ते, वनहक्क, सगळ्याचे आकडे तिथं वाचले जातात. प्रेक्षक गॅलरीचा पास आमदारांच्या शिफारशीनं मिळतो. आमदार आपले आहेत, मागायला लाजायचं कारण नाही. मागण्यांच्या निवेदनापेक्षा गॅलरीच्या पासासाठी आलेला मतदार त्यांनाही नवीनच वाटेल.

विदर्भ एक्स्प्रेसचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. होळीनंतर जायचं असेल तर संक्रांत होताच तिकिटाचं बघा, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की बर्थ मिळत नाही.

— आरमोरीकर